स्नायूंची शक्ती आणि मुलाचा थकवा
(शिक्षक परिषदेतील व्याख्यान)



शिक्षा म्हणून हात वर करून उभे केलेले मूल थोड्याच वेळात हात खाली घेऊ लागते. त्याचे खांदे थरथरतात, चेहरा ओढल्यासारखा होतो. त्यास आळशी अथवा हट्टी म्हणण्याचा मोह अशा वेळी होतो. परंतु त्या क्षणी मुलाच्या स्नायूंत काय घडत असते हे ज्यास ठाऊक आहे, तो शिक्षक असा निवाडा घाईने करणार नाही.

बल लावल्याने वस्तू सरकली तरच कार्य झाले, असे पदार्थविज्ञान सांगते. या हिशेबाने स्थिर धरलेला हात काहीच कार्य करीत नाही. भिंतीतील खुंटी वर्षानुवर्षे ओझे धरून राहते व थकत नाही. मग हातच का थकावा?

याचे उत्तर स्नायूच्या घडणीत आहे. स्नायू म्हणजे बारीक तंतूंचा जुडगा. प्रत्येक तंतूत ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे अतिसूक्ष्म धागे एकमेकांच्या मधोमध शिरलेले असतात. आकुंचनाच्या वेळी हे धागे स्वतः आखूड होत नाहीत, तर एकमेकांवरून सरकतात, असे १९५४ साली ॲन्ड्र्यू हक्सली व ह्यू हक्सली या दोन इंग्रज संशोधकांनी आपापल्या सहकाऱ्यांसह स्वतंत्रपणे दाखविले. मायोसिनची सूक्ष्म डोकी ॲक्टिनचा धागा पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात; रस्सीखेचीतील गडी दोरावर हात बदलतात तसेच. हात बाहेरून निश्चल दिसला तरी आत ही धरसोड अखंड चालू असते. खुंटीस हे करावे लागत नाही.

अशा प्रत्येक ओढीस ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट, म्हणजेच ए.टी.पी., या द्रव्याचा एक रेणू खर्ची पडतो. चालण्यासारख्या श्रमात या शक्तीचा फार तर चतुर्थांश भाग हालचालीच्या कामी येतो. उरलेली उष्णता होते. कवायतीनंतर अंगास घाम सुटतो तो यामुळेच. स्थिर हाताच्या बाबतीत तर जवळजवळ सर्वच शक्ती उष्णतेत जाते.

ए.टी.पी.चा तयार साठा जोराच्या श्रमास दोन-तीन सेकंदच पुरतो. म्हणून तो सतत भरून काढावा लागतो. पहिली भर क्रिएटिन फॉस्फेट घालते. ती सुमारे दहा सेकंद पुरते. खो मिळताच झेपावणारा गडी बहुतांशी याच बळावर धावतो. हे द्रव्य १९२७ साली हार्वर्ड विद्यापीठात सायरस फिस्के यांच्यासमवेत शोधून काढणारे यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र होते, हे मुलांस अवश्य सांगावे. दुसरी भर प्राणवायूवाचून शर्करेच्या विघटनाने होते. ती त्वरित मिळते, पण शर्करेच्या एका रेणूमागे ए.टी.पी.चे दोनच रेणू देते. तिसरी भर प्राणवायूच्या साहाय्याने होते. ती सावकाश मिळते, पण त्याच शर्करेपासून सुमारे तीस रेणू देते. शेतात दिवसभर चालणारे काम या तिसऱ्या वाटेने निभते.

आता शिक्षा भोगणाऱ्या मुलाकडे पुन्हा पाहावे. ताठ धरलेला स्नायू आपल्यातीलच रक्तवाहिन्या दाबतो. त्यातून हात हृदयाहून उंच. रक्त कमी पोचते, म्हणून प्राणवायूही कमी. किफायतशीर वाट अरुंद होते व महागड्या वाटेवर भार पडतो. विघटनातून उरलेली द्रव्ये साठतात, धाग्यांची पकड सैल होऊ लागते आणि हात खाली येतो. तेथे मुलाच्या इच्छेचा फारसा प्रश्न उरत नाही.

हे वर्गात दाखविण्यास साहित्य लागत नाही. मुलांनी एक हात खाली सोडून मूठ भराभर उघडावी-मिटावी व थकेपर्यंत मोजावे. विश्रांतीनंतर तोच हात डोक्यावर धरून पुन्हा मोजावे. दुसरी संख्या बहुधा कमी भरेल. का, हे मुलांनाच विचारावे. दुखू लागताच थांबण्याची मोकळीक मात्र प्रत्येकास असावी.

एक जुना समजही दुरुस्त करावा. श्रमानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते लॅक्टिक आम्ल साचून राहिल्याने, असे अद्याप शिकविले जाते. हे आम्ल तासा-दोन तासांत निघून जाते. दुखणे असते ते सवयीबाहेरच्या ताणाने तंतूंस झालेल्या सूक्ष्म इजेचे.

शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली आहे. कायदा हात आवरील. पण थकलेल्या मुलास आळशी ठरविणारी दृष्टी ज्ञानानेच बदलेल. कवायतीत जोराच्या श्रमानंतर काही मिनिटांची विसावण्याची वेळ ठेवणे, मागे पडलेल्या मुलास प्रथम श्वास घेऊ देणे व मग कारण विचारणे, एवढे प्रत्येक शाळेत उद्यापासून होऊ शकेल.