बंगळुरू ते सॅन फ्रान्सिस्को

बंगळुरू आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे १४ हजार किलोमीटर. पृथ्वीगोलावर या दोन शहरांत दोरा ताणून धरा, तो थेट आर्क्टिक प्रदेशातून जातो! नेहमीच्या सपाट नकाशात हे दिसत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या विमानानं उत्तर ध्रुवाजवळच्या वाटेनं सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरू गाठलं. कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी, सगळ्या वैमानिक महिलाच. उड्डाण सुमारे १७ तासांचं. पण ९ तारखेच्या रात्री निघालेलं विमान उतरलं ते ११ तारखेच्या पहाटे. कारण हिवाळ्यात दोन्ही शहरांच्या घड्याळांत साडेतेरा तासांचा फरक असतो.

अंतर तेच, उड्डाणाला लागणारा वेळ मात्र रोज बदलतो. कारण वारा. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे झोत वाहतात. म्हणूनच मुंबईहून न्यूयॉर्कला जायला परतीच्या प्रवासापेक्षा जास्त वेळ लागतो.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक वेळा असतात. परदेशातून येणाऱ्या माणसांना आणायला निघण्यापूर्वी उतरण्याची तारीख नक्की तपासा.