पेटीतले मासे का मरतात?

मी मुलुंड-घाटकोपर भागातल्या बचत गटांचं काम बघते. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज बोलायचंय काचेच्या पेटीत पाळलेल्या माशांविषयी. पण हे मासे आता गावातही आलेत. मुलं हट्टानं गप्पी, मोली, सोनमासे आणतात. किनारपट्टीवरच्या गटांना कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेतून शोभिवंत मासे पाळण्याचा धंदाही करता येतो. धंदा म्हटला की पैसे अडकले, आणि मासे मेले की पैसे गेले.

पैशापलीकडचीही एक गोष्ट आहे. मासे अचानक मेले की घरात कारण शोधण्याआधी माणूस शोधलं जातं. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं घरावरचं संकट माशानं अंगावर घेतलं. आमच्या एका गटातल्या ताईंच्या घरी गणपतीआधी पेटी घासूनपुसून लख्ख केली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठही मासे पाण्यावर तरंगत होते. घरात सून येऊन दोनच महिने झाले होते. शेजारणी तिच्या पायगुणाबद्दल कुजबुजू लागल्या. ती पोरगी दोन दिवस धड जेवली नाही.

आता खरं कारण बघू. मुंबईत येणारं पाणी भांडुप आणि पांजरापूर इथल्या केंद्रांत शुद्ध होतं आणि त्यात क्लोरीन मिसळतात. जंतू मरावेत म्हणून ते लागतंच, आपल्याला ते बाधत नाही. पण मासा श्वास घेतो कल्ल्यांनी, आणि क्लोरीननं कल्ले भाजल्यासारखे होतात. तुमच्या गावात विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकतात, तेही हेच. त्या घरी सगळं जुनं पाणी ओतून नळाचं ताजं पाणी भरलं होतं. दोष ना सुनेचा, ना नजरेचा. गटाच्या बैठकीत हे समजल्यावर सासूबाई स्वतःच आदल्या दिवशी बादली भरून ठेवू लागल्या.

दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. पेटीतल्या दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजात चांगले जिवाणू वाढतात, ते या विषाचा निचरा करतात. पण त्यांची वाढ व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या पेटीत पहिल्याच दिवशी पंधरा मासे सोडले, तर आठवड्या-दोन आठवड्यांत एकेक मरू लागतो आणि पाणी तर स्वच्छ दिसतं. नव्या गटाला पहिल्याच महिन्यात मोठं कर्ज पेलत नाही, तसंच हे. दोन-तीन माशांनी सुरुवात करा. आणि स्पंज नळाखाली धुऊ नका, जिवाणू मरतात. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्या.

तिसरं कारण म्हणजे जास्त लाड. घरातला प्रत्येक जण येताजाता चिमूटभर खाणं टाकतो. ते तळाशी कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्च होतो. मुंबईतच वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावात पितृपक्षानंतर मेलेले मासे तरंगताना दिसल्याच्या बातम्या कितीतरी वेळा आल्या आहेत. विधीचं पीठ, भात, फुलं पाण्यात पडतात आणि कुजतात. एवढ्या तलावात जे होतं, ते हातभर पेटीत किती लवकर होईल! दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाणं द्या, आणि ते देण्याचं काम घरातल्या एकाच माणसाकडे ठेवा.

चौथं कारण फवारे. डास-झुरळांच्या औषधांतली बरीच द्रव्यं माशांना फार घातक असतात. हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. घरात फवारणी असेल किंवा दारात धुराची गाडी आली, तर पेटी झाका आणि तेवढा वेळ पंप बंद ठेवा. धूर गेला की पंप लगेच सुरू करा. फिनेल किंवा साबणाचा हात पेटीत घालू नका.

पाचवं कारण वीज आणि उन्हाळा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज कित्येक तास गेली होती. अशा वेळी पंप बंद पडतो आणि गर्दीच्या पेटीतले मासे पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करतात. तांब्यानं पेटीतलंच पाणी वर उचलून पुन्हा त्यातच ओतत राहा, हवा मिसळते.

कारण ओळखायचं कसं? सगळे मासे काही तासांत एकदम मेले, तर बहुधा पाण्यात क्लोरीन, फवारा किंवा प्राणवायूची कमतरता. नवी पेटी असून आठवड्याभरात एकेक जात असेल, तर अमोनिया. जुन्या पेटीत नवा मासा आणल्यावर अंगावर पांढरे ठिपके दिसू लागले, तर रोग. म्हणून नवा मासा दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावा.

एवढं लक्षात ठेवा. सगळं पाणी एकदम कधी बदलू नका. आठवड्याला चौथा हिस्सा पुरे. नवं पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा. घाई असेल तर माशांच्या दुकानात क्लोरीन काढायचे थेंब मिळतात. मेलेला मासा दिसताच काढा.

आणि एक वही ठेवा. पाणी कधी बदललं, नवा मासा कधी आणला, फवारणी कधी झाली, मासा कधी मेला, तारखेसह लिहा. गटाचा हिशेब आपण तसाच ठेवतो ना? पुढच्या वेळी मासा मेला, तर आधी वही उघडा. घरातल्या लेकी-सुनेकडे बोट दाखवायची वेळ येणार नाही.