आपण कोणाचे देणे लागतो?

(संस्थेच्या वर्षावास समारोपाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



"अशांत जगात कृतज्ञता, करुणा आणि संघभावना" हा विषय कार्यकारिणीने आम्हाला दिला, तेव्हा आम्ही म्हणालो की यासाठी एखाद्या भन्तेजींना किंवा प्राध्यापकांना बोलवा. आम्ही कला शाखेचे साधे पदवीधर आणि वीसेक वर्षे बँकेच्या काऊंटरवर बसणारे कारकून. त्यावर सचिव म्हणाले, "तुम्ही हिशेबाची माणसे, तर हिशेबानेच बोला." म्हणून आज हिशेबाचेच बोलणार आहोत.

जग अशांत आहे हे सांगण्यासाठी वक्ता लागत नाही. टीव्ही लावला की युद्ध, मोबाईल उघडला की द्वेष. घराबाहेर पाऊल टाकावे तर शेजारच्या दाराला कुलूप की माणूस आत आजारी पडलेला, हेही कळत नाही. पूर्वी सगळे फार चांगले होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. चाळीच्या नळावर हंड्यांवरून झालेली भांडणे आम्ही पाहिली आहेत. पण त्याच चाळीत गावकीची एक खोली होती, आणि आमचा हिशेब त्या खोलीपासून सुरू होतो.

आपल्यापैकी अनेकांचे वडील कोकणातून मुंबईला आले ते अशाच खोलीत उतरले. भिंतीला ओळीने लावलेल्या पत्र्याच्या ट्रंका, पाळीपाळीने झोपणारी माणसे, आणि एका कोपऱ्यात मंडळाची मोठी पातेली व सतरंज्या. महिन्याच्या महिन्याला प्रत्येकाची वर्गणी वहीत लिहिली जाई. जूनमध्ये त्या वर्गणीतून मुलांसाठी वह्या येत. पौर्णिमेची वंदना झाली की वह्यांचा गठ्ठा मध्ये ठेवीत आणि ज्याने त्याने आपल्या इयत्तेप्रमाणे उचलायच्या. कोणी हार घातला नाही, कोणी फोटो काढला नाही. आम्ही बी. ए. झालो त्यात या वह्यांचा वाटा आहे. वर्गणी देणारे बहुतेक गिरणीत, गोदीत, महापालिकेच्या सफाई खात्यात राबणारे होते. त्यातले किती जण आज हयात आहेत? मग त्यांचे देणे फेडायचे कोणाला?

बँकेत एक नियम आहे. एखाद्या ठेवीकडे दहा वर्षे कोणी फिरकले नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. परंतु ठेवीदाराचा हक्क संपत नाही. उद्या त्याचा वारस कागदपत्रे घेऊन आला तर पैसे द्यावेच लागतात. आमचे म्हणणे असे की आपल्या थोरांनी आपल्यापाशी ठेवलेली ठेवही तशीच आहे. ठेवीदार गेले, पण वारस रोज आपल्या दारावरून जातात. या वस्तीतली प्रत्येक शिकणारी मुलगी, प्रत्येक शिकणारा मुलगा हा त्या ठेवीचा वारस आहे.

हे काही आमच्या डोक्यातून निघालेले नाही. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या अभिनंदनासाठी सभा भरली, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे गुरुजींनीच शब्द टाकला आणि सयाजीराव महाराजांकडून महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा पंचवीस रुपये सुरू झाले. ते पुस्तक आणि ते पंचवीस रुपये बाबासाहेबांनी गुरुजींना परत केले काय? नाही. त्यांनी ते कोट्यवधींना परत केले. त्या पुस्तकाच्या भेटीपासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेपर्यंत एकोणपन्नास वर्षे जातात. आपण बुद्धाकडे वळलो ते दादा केळुस्करांनी दिलेल्या पुस्तकामुळे, हे बाबासाहेबांनी पुढे आवर्जून लिहून ठेवले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला, तो त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. १९४६ चा शूद्रांवरील ग्रंथ महात्मा फुल्यांना अर्पण केला. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव पहिल्या पानावर लिहायचे आणि परतफेड पुढच्या पिढीला करायची, अशी ही रीत आहे.

पाली भाषेत कृतज्ञतेला 'कतञ्ञुता' म्हणतात. महामंगल सुत्तात ज्या गोष्टींना मंगल म्हटले आहे त्यांत ही एक आहे. 'कतञ्ञू' म्हणजे आपल्यासाठी काय केले गेले ते जाणणारा. त्याच्या जोडीला दुसरा शब्द येतो 'कतवेदी', म्हणजे ते जाणलेले कृतीतून दाखवणारा. नुसते मनात जाणून भागत नाही.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. आपल्या समाजाला कृतज्ञतेच्या नावाखाली शतकानुशतके मान खाली घालायला लावले गेले. शिळ्या भाकरीबद्दलही उपकार माना, असे सांगितले गेले. ती कृतज्ञता नव्हे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी आयर्लंडचे देशभक्त ओकॉनेल यांच्या विचाराचा आधार घेऊन बजावले होते की कृतज्ञतेलाही मर्यादा असते आणि आत्मसन्मान गहाण ठेवून कोणी कोणाचे ऋण मानू नये. ही कसोटी आपण स्वतःलाही लावली पाहिजे. हल्ली वह्यावाटपात एक वही पाच जण धरतात आणि मधल्या मुलाला कॅमेऱ्याकडे बघ म्हणतात. ज्या हाताने देतो त्याच हाताने त्या मुलाचा मान काढून घेत असू, तर गावकीच्या खोलीतले ते वर्गणीदार आपल्यापेक्षा मोठे होते.

आता करुणेविषयी. याबाबतीत आमच्या नावे एक कर्ज आहे, ते आज सर्वांसमोर सांगतो.

एप्रिल २०२०. टाळेबंदी चालू होती. सरकारने महिलांच्या जनधन खात्यांत महिना पाचशे रुपये जमा केले होते. गर्दी टाळण्यासाठी खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस वाटून दिले होते. एक म्हातारी बाई आली. पासबुक पाहिले तर तिचा दिवस दोन दिवसांनी होता. आम्ही म्हणालो, "परवा या." तिने काही विचारले नाही. पासबुक पिशवीत घातले आणि निघाली. ती किती लांबून चालत आली होती हे आम्हाला रांगेतल्या दुसऱ्या बाईने सांगितले, तोवर ती रस्त्याच्या वळणापार गेली होती. नियम बरोबर होता, पण उठून हाक मारायला कोणत्या नियमाने अडवले होते? आम्ही उठलो नाही.

ती ठरल्या दिवशी पुन्हा आली. अंगठा दिला, पाचशे रुपये घेतले. आम्हाला वाटले आता चार शब्द ऐकवील. ती म्हणाली, "बाळा, तोंडावरचं फडकं नीट बांध. दिवसभर किती माणसं येतात तुझ्याकडे. घरी पोरं असतील." आणि गेली. माफी मागायची ती आमच्या तोंडातच राहिली. पुढच्या दोन महिन्यांत ती आली असेल किंवा नसेल. सगळ्यांचीच तोंडे झाकलेली, आम्हाला ती ओळखता आली नाही.

ज्याच्यापाशी काही नाही तो करुणा कशी करणार, असे आपण म्हणतो. त्या बाईने आमचा समज फेडला. तिने आमच्या वागण्याचा हिशेब ठेवला नाही, समोर धोक्यात बसलेला माणूस पाहिला.

हिशेब न ठेवण्याची ही गोष्ट विनयपिटकात फार स्पष्ट आली आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडून होता. भगवान बुद्धांनी विचारले, तुझी सेवा करणारा कोणी नाही काय? तो म्हणाला, मी इतर भिक्खूंसाठी काही करीत नाही, म्हणून तेही माझ्यासाठी करीत नाहीत. बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणविले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला बिछान्यावर ठेवले. मग भिक्खूंना जमवून समजावले की येथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्ही एकमेकांना पाहिले नाही तर पाहणार कोण? आणि ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

मित्रांनो, ते भिक्खू काही दुष्ट नव्हते. ते फक्त हिशेब करीत होते. त्याने आमच्यासाठी काय केले, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तोच प्रश्न आज आपल्या संस्थेतही विचारला जात आहे.

सर्वांना ठाऊक आहे की आपल्या अभ्यासिकेत बाहेरची मुले घ्यावीत की नाही यावरून यंदा मतभेद झाले. मागच्या गल्लीत भाड्याने राहणाऱ्या मजुरांची ही मुले. कोणी मराठवाड्याचे, कोणी बिहारचे, त्यांची जात कोणती आणि धर्म कोणता कोणास ठाऊक. आपले काही ज्येष्ठ म्हणतात, "आपल्याच मुलांना जागा पुरत नाही. या लोकांनी संस्थेला कधी काय दिले?" त्यांच्या अडचणीत तथ्य आहे. खोली लहान आहे, ट्यूबलाईट दोन आहेत, हे आम्ही नाकारत नाही. परंतु केळुस्कर गुरुजींनी तो हिशेब केला असता तर? महार मुलाने आमच्या समाजाला काय दिले, असे ते म्हणाले असते तर?

बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांत फरक केला आहे. करुणा माणसांवरचे प्रेम, मैत्री त्याही पलीकडे सर्व प्राणिमात्रांपर्यंत जाते. ज्याला सर्व प्राण्यांपर्यंत पोहोचायचे आहे, त्याचे पाऊल मागच्या गल्लीत अडखळावे काय? बंधुता ही संविधानाच्या उद्देशिकेत आली, आणि ती आपण बुद्धाच्या शिकवणीतून घेतल्याचे बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात सांगितले. तिची परीक्षा दिल्लीत होत नाही, अभ्यासिकेच्या दारात होते.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, अभ्यासिकेत दोन पाळ्या कराव्यात. सकाळची पाळी उघडण्याची जबाबदारी आम्ही घेतो, बँकेत जाण्यापूर्वी सहा ते साडेआठ. दुसरी, वस्तीत एकट्या राहणाऱ्या आजारी व वृद्ध माणसांची यादी करावी आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी त्यांचे दार वाजवावे. तिसरी, वह्या पुन्हा गठ्ठ्यात ठेवाव्यात, कॅमेरा घरी ठेवावा.

विद्यार्थ्यांनो, १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांबद्दल जी व्यथा बोलून दाखवली, ती तुम्ही दरवर्षी ऐकता. ती ऐकून नुसती मान खाली घालू नका. नोकरी लागली की पहिल्या पगारातून संस्थेला देणगी द्या, हे आम्ही म्हणणार नाही. महिन्यातले दोन रविवार द्या. तुमच्यापेक्षा दोन इयत्ता मागे असलेल्या एका मुलाला गणित शिकवा. त्याचे नाव, गाव, जात विचारण्याआधी त्याला कोणते उदाहरण अडले आहे ते विचारा.

आमच्या कर्जाचे काय, असे कोणी विचारील. ते अजून बाकीच आहे. काऊंटरवर कोणाला स्लिप भरता येत नसेल तर आम्ही आता सांगण्याची वाट पाहत नाही, आणि "परवा या" म्हणण्यापूर्वी माणूस कुठून आला ते विचारतो. एवढे व्याज भरतो आहोत. मुद्दल त्या माउलीच्या नावावर तसेच आहे, आणि ते तसेच राहावे, म्हणजे आम्ही उठायला विसरणार नाही.

सोमवारी सकाळी सहा वाजता अभ्यासिकेची किल्ली आमच्याकडे असावी, एवढी कार्यकारिणीला विनंती करून थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!