परभाषेच्या उंबरठ्यावर

परदेशी शिकावयास गेलेल्या मुलामुलींची घरी आलेली पत्रे पाहिली, तर त्यांत एक गोष्ट बहुधा आढळते. पहिल्या पत्रात शहराचे वर्णन असते, दुसऱ्यात जेवणखाणाची तक्रार असते आणि तिसरे पत्र फार आखूड असते. ‘प्रकृती ठीक आहे, काळजी नसावी,’ एवढाच त्यातला मजकूर. पत्रांची जागा आता दूरध्वनीने घेतली आहे. परंतु तिसऱ्या आठवड्यातले हे आखूडपण काही गेलेले नाही. त्याचे कारण शोधू गेले, तर ते पुष्कळदा भाषेत सापडते.

ठाण्याची एक अठरा वर्षांची मुलगी बारावीची परीक्षा देऊन एका वर्षासाठी इस्रायलला गेली. शाळा संपल्यानंतर आणि विद्यापीठात पाऊल टाकण्यापूर्वी एक वर्ष परमुलखात काढावे, अशी चाल इंग्लंड-अमेरिकेत आहे; आणि तिकडील यहुदी कुटुंबांतील पुष्कळ मुले हे मधले वर्ष इस्रायलमध्ये घालवितात. पावसाळा सरता सरता यावयाचे, हिब्रू शिकावयाची, देश पाहावयाचा, काही समाजसेवा करावयाची आणि पुढच्या उन्हाळ्यात परतावयाचे, असा हा क्रम असतो. भारतातून जाणारी मुले थोडी. ही मुलगी त्या थोड्यांपैकी एक. ती बेने इस्रायल समाजातली, म्हणजे घरी मराठीच बोलणारी. कोकणच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षे राहिलेल्या ह्या समाजाचा जुना धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी शब्बाथ पाळून ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. १९४८ साली इस्रायलचे राज्य स्थापन झाल्यावर, पुढच्या काही दशकांत ह्या समाजातील बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. तेव्हा आपली मुलगी काही अगदीच परक्या देशी जात नाही, असे आईवडिलांना वाटले. मुलीलाही तसेच वाटले होते.

जेरुसलेमच्या वसतिगृहात पोचल्यावर तिला प्रथम दाखविण्यात आली ती एक जाड भिंतींची खोली. भोंगा वाजला की दीड मिनिटाच्या आत येथे यावयाचे, हा पहिला पाठ. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सुट्टी समजून ती उशिरापर्यंत निजून राहिली, तो बाहेर सारे शहर कामाला लागलेले. तिथे आठवड्याची सुरुवात रविवारी होते. वारांना नावे नाहीत, नुसते क्रमांक आहेत. रविवार हा ‘योम रिशोन’, म्हणजे पहिला दिवस. सोमवार हा दुसरा. असे मोजत मोजत शुक्रवारपर्यंत यावयाचे. स्वतःचे नाव आहे ते फक्त सातव्या दिवसाला, शब्बाथला. शुक्रवारी सूर्य मावळण्याच्या सुमारास जेरुसलेममध्ये भोंगा वाजतो, बहुतेक दुकाने आधीच मिटलेली असतात आणि बसगाड्या थांबतात.

तिसऱ्या दिवशी बसच्या चालकाला तिने काही विचारले. त्याने बोटांची टोके एकत्र जुळवून हात तिच्यासमोर हलविला. ‘काय पाहिजे?’ असे तो विचारतो आहे, असे समजून तिने तोच प्रश्न मोठ्याने पुन्हा विचारला. त्याने हात पुन्हा हलविला, तिने प्रश्न पुन्हा विचारला. अखेर मागच्या बाईने इंग्रजीत सांगितले की ह्या खुणेचा अर्थ ‘जरा थांब’ असा आहे. लोक हसले, तीही हसली. परंतु त्या रात्री तिला ते हसू आठवले आणि दुसऱ्या दिवशी ती पायी गेली.

सकाळी उल्पानचा वर्ग असे. उल्पान म्हणजे प्रौढांना हिब्रू शिकविणारी शाळा. राज्य स्थापन झाल्यावर पहिल्या साडेतीन वर्षांत सुमारे सात लाख माणसे बाहेरून आली आणि यहुदी वस्ती दुपटीहून अधिक झाली. कोणी अरबी बोलणारे, कोणी रुमानियन, कोणी पोलिश, कोणी यिडिश. ह्या सर्वांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून १९४९ साली जेरुसलेममध्ये ‘उल्पान एत्सियोन’ ही पहिली शाळा निघाली. तिथे पहिल्या तासापासून हिब्रू हिब्रूतूनच शिकवितात.

ही भाषा स्वतःही एकदा अशाच अवस्थेतून गेलेली आहे. शेकडो वर्षे ती प्रार्थनेची आणि ग्रंथांची भाषा होती. बाजारात आणि स्वयंपाकघरात ती नव्हती. १८८१ साली एलिएझर बेन-येहुदा जेरुसलेमला आला आणि आपल्या घरात हिब्रूखेरीज दुसरी भाषा बोलावयाची नाही, असा त्याने नियम केला. १८८२ साली त्याला मुलगा झाला. त्याच्या कानी परभाषेचा शब्द पडू नये म्हणून बाप फार जपे. मूल पुष्कळ उशिरा बोलू लागले, असे सांगतात. जुन्या ग्रंथांत ज्यांना शब्द नाहीत अशा रोजच्या वस्तूंना बेन-येहुदाने नवे शब्द घडविले. अंग पुसण्याच्या पंचाला ‘मागेवेत’, आइस्क्रीमला ‘ग्लिदा’, शब्दकोशाला ‘मिलोन’. आज ते शब्द तिथल्या शेंबड्या पोराच्या तोंडी आहेत.

वर्गात ठाण्याच्या मुलीला एक गोष्ट सोपी गेली. हिब्रूत पुरुष ‘अनी लोमेद’ म्हणतो आणि स्त्री ‘अनी लोमेदेत’ म्हणते. मी शिकतो, मी शिकते, तसेच हे. इंग्रजी बोलणारी मुले ह्या ठिकाणी अडखळत. हिला मात्र हे मुळी शिकावेच लागले नाही. उलट दुसरी एक गोष्ट फार जड गेली. हिब्रूच्या रोजच्या बोलण्यात आदरार्थी अनेकवचन नाही. शिक्षिकेला, दुकानदाराला, पंतप्रधानालाही ‘तू’च म्हणावयाचे, आणि शिक्षिकेला तर तिच्या नुसत्या नावाने हाक मारावयाची. पन्नाशी-साठीच्या बाईला अशी हाक मारताना हिची जीभ रेटेना. म्हणून ती प्रश्नच विचारीनाशी झाली. त्यातच लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी आणि छापील मजकुरात काने-मात्रा बहुधा नसतात. स्वरांच्या खुणा असतात त्या लहान मुलांच्या पुस्तकांत आणि नवख्यांच्या धड्यांत. शब्द आधी ठाऊक असेल तरच तो वाचता यावा, अशी ही रीत.

तिसऱ्या आठवड्यात आईचा दूरध्वनी आला, तेव्हा मुलगी दोन वाक्ये बोलली आणि थांबली. घरी बडबडी म्हणून ओळखली जाणारी, वक्तृत्वस्पर्धेत बक्षिसे मिळविलेली ही मुलगी दिवसभरात मोजून वीस शब्द बोलत होती. मूर्ख नसताना मूर्ख दिसणे हे अठराव्या वर्षी सोसत नाही.

शिक्षिकेच्या हे ध्यानात आले. तास संपल्यावर तिने मुलीला थांबवून घेतले आणि इंग्रजीत एक हकीकत सांगितली. तिची आई १९५१ साली विशीत असताना बगदादहून आली. नवागतांसाठी स्वरांच्या खुणा देऊन छापलेले ‘ओमेर’ नावाचे दैनिक त्याच वर्षी निघाले. त्यातल्या ओळींवर बोट ठेवून ती हिब्रू शिकली. “घरी ती अरबी बोले. आणि रस्त्यात ती अरबीत बोलू लागली की मी तिला दटावीत असे, ‘हिब्रूत बोल, लोक ऐकताहेत.’ ती मग गप्प बसे. आता ती नाही. मला अरबी समजते, पण बोलता येत नाही. तू आज गप्प आहेस. ह्या वर्गात कधी काळी सगळेच गप्प होते. पण बोलू लागल्यावर आपल्या घरच्या बोलीला दटावू नकोस.”

पुढे सण लागले. त्या आठवड्यांत तिथे कोणतेही काम सांगितले की लोक म्हणतात, ‘आहारेई हा-हागीम,’ सणांनंतर पाहू. वर्षारंभानंतर दहाव्या दिवशी योम किप्पूर येतो. बेने इस्रायल लोक त्याला मराठीत ‘दारफळणीचा सण’ म्हणत, कारण त्या दिवशी ते दारे लावून घेऊन उपवास आणि प्रार्थना करीत. ठाण्यात एका घराचे दार लागे आणि बाहेर रस्ता नेहमीप्रमाणे वाहत राही. येथे साऱ्या यहुदी वस्तीचेच दार लागलेले तिने पाहिले. विमानतळ बंद, नभोवाणी बंद आणि मोकळ्या हमरस्त्यांवर मुले सायकली फिरवीत होती. आजीच्या तोंडचा तो शब्द एवढा मोठा असेल, असे तिला कधी वाटले नव्हते.

परंतु ह्याच सणांवर दोन तारखांची छाया आहे. १९७३ साली योम किप्पूरच्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला, इजिप्त आणि सीरिया ह्यांनी इस्रायलवर स्वारी केली. २०२३ साली ह्या सणांच्या अखेरच्या दिवशी, ७ ऑक्टोबरला, हमासने गाझातून येऊन हल्ला केला; सुमारे १२०० माणसे मारली गेली आणि सुमारे २५० ओलीस धरून नेली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझात पन्नास हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मृत्यू पावले, अशी तेथील आरोग्यखात्याची गणना आहे. त्या वर्षी अशाच मधल्या वर्षासाठी आलेल्या मुलांपैकी पुष्कळ घरी परतली. काही राहिली आणि मजूर नसलेल्या शेतांत तोडणीला गेली. हिच्या आईच्या दूरध्वनीत काळजी का असे, हे निराळे सांगावयास नको.

आगगाडीत हिच्या शेजारी हिच्याच वयाची एक मुलगी गणवेषात, मांडीवर बंदूक घेऊन झोपलेली असे. एकीचे अठरावे वर्ष मोकळे, दुसरीचे पलटणीत. शहरातली ही आगगाडी पश्चिम जेरुसलेममधून निघून, १९६७ साली इस्रायलने ताब्यात घेतलेल्या पूर्व भागात जाते. स्थानकांची नावे हिब्रू, अरबी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत पुकारली जातात. पुढच्या काही स्थानकांनंतर डब्यात अरबीच ऐकू येऊ लागे. ज्या भूमीला एक जण घरी परतणे म्हणतो, तिथेच दुसऱ्याला घर गेल्याची आठवण आहे, हे तिला पुस्तकावाचून समजले.

सुक्कोथच्या मधल्या दिवसांत, म्हणजे मांडवांच्या सणात, ती बसने दिमोनाला गेली. नेगेवच्या वाळवंटातले हे गाव १९५५ साली वसले आणि तेथे बेने इस्रायल लोकांची मोठी वस्ती आहे. आजीची धाकटी बहीण तिथे राहते. ती साठ वर्षांपूर्वी आली आणि कापडाच्या गिरणीत तिने उमर घालविली. गच्चीत झावळ्यांचा मांडव घातलेला होता. “ये गं बाय, आत ये. किती वाळलीस!” एवढे कानी पडताच मुलीला रडू कोसळले. साडेपाच आठवड्यांत कोणी तिच्याशी समोरासमोर मराठी बोलले नव्हते.

मावशीआजीने जुन्या गोष्टी काढल्या. ती नवी आली तेव्हा ह्या समाजाच्या लग्नसंबंधांविषयी धर्मपीठाने शंका काढल्या होत्या. वाडवडिलांची वंशावळ दाखवा, असे सांगण्यात येई. त्याविरुद्ध जेरुसलेममध्ये लोकांनी ठाण मांडले. आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये बेने इस्रायल सर्व बाबतींत यहुदी आहेत, असे क्नेसेटने, म्हणजे तेथील संसदेने, जाहीर केले. “तिकडे होतो तेव्हा कोणी विचारलं नाही. इकडे आलो तर म्हणाले, तुम्ही कोण?” म्हातारी शांतपणे म्हणाली. तिच्या बोलण्यात आता कडवटपणा नव्हता. एकच खंत होती. गिरणीची आणि बाजाराची हिब्रू तिला येते. परंतु बाळपणीच्या गोष्टी हिब्रूत सांगता येत नाहीत. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक इस्रायलमध्ये निघाले, ते तिने जपून ठेवले होते. पण घरात ते वाचणारे दुसरे कोणी नव्हते.

सहा वर्षांचा पणतू तिथेच खेळत होता. तो सप्टेंबरात पहिलीत गेला होता. त्याच्या आणि ठाण्याच्या मुलीच्या पाटीवर एकच अक्षरे होती. म्हातारी म्हणाली, “माझ्या आजोबांच्या घाण्याची गोष्ट ह्याला सांग. शनवारी आमचा बैलसुद्धा काम करत नसे, म्हणावं.”

मुलीने शब्द गोळा केले. “शोर,” म्हणजे बैल. “शेमेन,” म्हणजे तेल. मग हाताने घाणा फिरवून दाखविला. “शब्बाथ, आवोदा लो.” काम नाही. मुलगा खो खो हसला आणि मास्तरच्या थाटात त्याने तिला सुधारले, “हा-शोर लो आवाद बे-शब्बात!” बैलाने शब्बाथला काम केले नाही. तिने ते वाक्य त्याच्यामागून म्हटले, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा बिनचूक. इतक्या आठवड्यांत तिच्या तोंडून न अडखळता निघालेले ते पहिले पुरे हिब्रू वाक्य, आणि ते अलिबागकडच्या एका बैलाविषयी होते. मुलाला आता बैलाचे नाव हवे होते. तो ते पणजीकडे पाहून विचारीत होता आणि पणजी मराठीत उत्तर देत होती.

विद्यार्थ्याला परभाषा लवकर यावी म्हणून त्याने स्वभाषा काही काळ बाजूला ठेवावी, असा उपदेश नेहमी केला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. उल्पानची सारी पद्धत त्यावरच उभी आहे. परंतु बाजूला ठेवलेली भाषा पुष्कळदा परत उचलली जात नाही, हे बगदादहून आलेल्या आईच्या आणि दिमोनाच्या म्हातारीच्या घरी दिसून येते. पिढ्यान् पिढ्या परमुलखात राहिलेल्या मराठी कुटुंबांना हे नव्याने सांगावयास नको. सांगण्यासारखे असे आपले काही असले आणि ते ऐकणारे कोणी असले, म्हणजे परकी भाषा जिभेवर लवकर बसते.

सणांनंतर उल्पानचा वर्ग पुन्हा भरला. ठाण्याच्या मुलीने शिक्षिकेला तिच्या नावाने हाक मारली आणि प्रश्न विचारला. दर पंधरा दिवसांनी ती आता दिमोनाची बस पकडते. पणतूला कोकणातल्या आणखी गोष्टी हव्या असतात, म्हातारीला त्या सांगावयाच्या असतात, आणि मधल्या शब्दांसाठी मुलीच्या हातात एक जाडजूड मिलोन असतो.