घर, गोठा आणि मधली तार



आज बोलायचे आहे ते अंगणापलीकडच्या खोलीविषयी. शेतकऱ्याच्या घरी अशी एक खोली असतेच. कुठे तो रिकामा गोठा असतो, कुठे दुधाची खोली. आणि शाळेत म्हणाल तर पटांगणाच्या टोकाची संगणकाची खोली. घरात इंटरनेट येते, वायफाय चालते, पण ते त्या खोलीपर्यंत काही जात नाही.

आमच्याकडे हा प्रश्न उभा केला नातीने. बारावीचे वर्ष, घरात सारखी वर्दळ. तेव्हा तिने जुना गोठा झाडून, चुना लावून अभ्यासाची खोली केली. घरापासून अंतर म्हणाल तर साठ पावले. पहिल्याच दिवशी तक्रार आली, "आबा, सरांचं तोंड उघडं ते उघडंच राहतं!"

आता असे का होते? राउटर बोलतो तो रेडिओच्याच लहरींनी. पण आकाशवाणीच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या. त्या टेकड्यांना वळसा घालून तुमच्यापर्यंत येतात. वायफायची २.४ गिगाहर्ट्‌झची लहर अवघी साडेबारा सेंटिमीटर लांब, आणि ५ गिगाहर्ट्‌झची तर सहाच. दगडमातीची रुंद भिंत तिला गिळते, ओली झाडे शोषून घेतात आणि पत्रा तिला सरळ माघारी धाडतो. आमच्या गोठ्याला तिन्ही होते: मातीची भिंत, पत्र्याचे छप्पर आणि वाटेत कडुनिंब.

मी आधी बाजारातून रिपीटर आणला आणि हौसेने गोठ्यात नेऊन लावला. इथेच पुष्कळांचे चुकते. रिपीटर म्हणजे निरोप्या. जिथे मूळचा आवाजच पोहोचत नाही तिथे त्याला उभा केलात, तर तो सांगणार काय? तो निम्म्या वाटेवर हवा. शिवाय साधा रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच तोंडाने, म्हणून वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. शिशिरात कडुनिंबाची पाने झडली तेव्हा काम थोडे सुधारले. मला वाटले, जिंकलो. पुढे चैत्रपालवी फुटली आणि पुन्हा सरांचे तोंड उघडे!

मग मी जे केले ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. नेटवर्कची साधी तांब्याची तार घेतली, घराच्या वळचणीपासून कडुनिंबाच्या फांदीवरून गोठ्यात नेली आणि नातीच्या संगणकात खोचली. अशी तार शंभर मीटरपर्यंत चालते, त्यामुळे गती झकास मिळाली. घरात सगळे खूश.

मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस आला. नात वाळत घातलेले कपडे काढायला धावली. तेवढ्यात शेजारच्या बांधावर वीज पडली. घरातला राउटर गेला, गोठ्यातला संगणक गेला, तार शिरते तिथली भिंत काळी पडली. पोर दोन मिनिटे आधी त्याच संगणकाला हात लावून बसली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मंडळी, वीज तारेवरच पडायला लागते असे नाही. जवळ पडली की जमिनीतून प्रवाह पसरतो आणि घराच्या अर्थिंगचा दाब एक, गोठ्याच्या अर्थिंगचा दुसरा असे क्षणभर होते. दोहोंमध्ये तांबे जोडलेले असेल तर तो फरक त्याच वाटेने, तुमच्या यंत्रांतून धावतो. म्हणून दोन इमारतींमध्ये तांब्याची तार नको. काचेची घ्या.

काचेची तार म्हणजे ऑप्टिकल फायबर. तिच्यातून वीज नव्हे, प्रकाश जातो. मात्र केबलवाला खांबावरून आणतो त्या तारेला बहुधा आधाराची पोलादी तार जोडलेली असते. दुकानात बिनधातूची मागा, आणि दोन्ही टोके बसवलेली मागा. दोन्हीकडे एकेक मीडिया कन्व्हर्टर लागतो, तो जोडीचाच घ्यावा. गोठ्यात पुढे दुसरा राउटर लावा, पण त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवा. पत्ते वाटण्याचे काम घरच्या राउटरकडेच राहू द्या. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा, चॅनेल मात्र निराळे: इकडे १, तर तिकडे ६ किंवा ११. एवढे केले तरी गोठ्याला वीजजोडणी असतेच, आणि तीही एक वाट आहे. ढग गडगडू लागले की प्लग काढा.

मध्ये रस्ता असेल, किंवा दुसऱ्याचे रान असेल, तर खणता येत नाही. तिथे समोरासमोर पाहणारे दोन छोटे अँटेना बसतात. पण एकमेकांना ते स्पष्ट दिसले पाहिजेत, हे कडुनिंबाने मला शिकवले आहे.

गुरुजी, तुमच्यासाठी एक प्रयोग. मोबाइलवर सिग्नलचा आकडा दाखवणारे ॲप असते. मुलांना घेऊन दर दहा पावलांना तो आकडा लिहा. तो उणे असतो: उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ८० म्हणजे रडकथा. दर ३ ने खाली उतरला की शक्ती निम्मी झाली. उणे संख्या मुलांना इतक्या चटकन दुसरीकडे समजत नाहीत.

चर खणाल तो दीड-दोन फूट खोल असावा. तार प्लॅस्टिकच्या पाइपातून न्यावी, कोपऱ्यावर काटकोन न करता मोठा वळसा द्यावा, आणि पाइपाची तोंडे घट्ट बंद करावीत, नाहीतर उंदीर-घुशी तिथे संसार मांडतात. त्याच पाइपात विजेची तार घालू नका. एक सुतळी मात्र रिकामी ओढून ठेवा, उद्या दुसरी तार न्यायची झाली तर कामाला येते. आमच्या नातीने चर बुजवण्याआधी तुळशी वृंदावनापासून मापे घेतली आणि गोठ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवली. खडू पुसला जाईल म्हणून मी परवा त्यावरून रंगाचा हात फिरवला.