चकलीचा करार
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आपण एका दुकानदाराला ६० किलो चकली करून दिली, ते तुम्हाला आठवत असेल. बोलणे झाले माझ्याच घरी, चहा घेता घेता. भाव ठरला. "पैसे दिवाळी झाल्यावर," असे ते म्हणाले, नि मी मान डोलावली. दिवाळी झाल्यावर म्हणजे भाऊबीजेनंतर की तुळशीच्या लग्नानंतर, हे विचारायचे मला सुचले नाही. पैसे आले संक्रांतीला, तेही सात किलोचे कापून. चकली मोडकी निघाली म्हणे! ती आपल्या हातून मोडली, टेंपोत मोडली की त्यांच्या दुकानात, याचा उलगडा आजवर झालेला नाही. पंधरा जणींची मजुरी अडली होती. प्रत्येकीच्या दारी जाऊन "थोडे थांबा" म्हणताना मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तोंडी करार खोटा नसतो. १८७२ चा करार कायदा तोही मानतो. पण तो शाबीत करायचा कशाने? चहाच्या कपांनी?

पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानदारापुढे मी वहीच ठेवली. ते हसले. "वहिनी, विश्वास नाही का?" मी म्हटले, "विश्वास आहे हो, आठवणीचा भरवसा नाही. माझ्यासुद्धा."

मग घासाघीस झाली. आम्ही निम्मे पैसे आगाऊ मागितले, ते चौथा हिस्सा म्हणाले. तिसऱ्या हिश्श्यावर मिटले, त्याबदली टेंपोचे भाडे आपण घेतले. डबे दुकानात दोघांसमोर उघडून मोजायचे, सही करायची. सहीपूर्वी मोडले ते आपले, नंतरचे त्यांचे. तेल ठरल्या आकड्यापेक्षा महागले तर भाव पुन्हा बोलायचा.

बाकीचे पैसे साठ दिवसांनी देईन म्हणाले. तिथे आपली 'उद्यम' नोंदणी कामी आली. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने आपल्यासारख्या लहान उत्पादकाचे पैसे, लेखी ठरवले तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाहीत. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. हे ऐकल्यावर ते तीस दिवसांवर आले.

दोन प्रती केल्या, दोन्हींवर दोघांच्या सह्या. आपली प्रत मंडळाच्या कपाटात आहे, कोणीही वाचावी. यंदा चार किलो चकली मोजतानाच मोडकी निघाली. कागदाप्रमाणे ती आपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तळून दिली.