फियाटचा कुर्ल्यातील संसार

यवतमाळहून मुंबईस निघालेला प्रवासी धामणगावास आगगाडीत बसे आणि बोरीबंदरास उतरला की एक काळी-पिवळी मोटार त्याच्यापुढे येऊन उभी राही. टपावर वळकटी व ट्रंक, मागे बायकामुले, पुढच्या सलग बाकावर चालकाशेजारी घरातील कर्ता पुरुष. सारी मंडळी तीत सामावत. तिला कोणी टॅक्सी म्हणे, कोणी नुसतेच फियाट. ती मूळची कोठली, हे विचारण्याची गरज फारशी कोणास भासली नाही.

फियाट हे नाव म्हणजे चार इटालियन शब्दांची आद्याक्षरे. अर्थ एवढाच की, तुरीन येथील इटालियन मोटारींचा कारखाना. तो १८९९ साली निघाला. १९२३ साली तुरीनच्या लिंगोत्तो भागात त्याची पाच मजली इमारत सुरू झाली, ती या धंद्यातील नवलच होय. कच्चा माल तळमजल्यावर आत यावयाचा, मजल्यामागून मजला चढत मोटार आकारास यावयाची आणि अखेर गच्चीवर बाहेर पडावयाची. गच्चीवर चक्क मोटारींची धावपट्टी! तेथील परीक्षा उतरल्यावरच तिने जमिनीवर पाऊल ठेवावे. पुढे १९३६ साली दान्ते जाकोसा या अभियंत्याच्या आराखड्यावरून ५६९ घनसेंटिमीटर इंजिनाची एक चिमुकली मोटार निघाली. लोकांनी तिला ‘तोपोलिनो’, म्हणजे उंदराचे पिल्लू, असे लाडके नाव दिले. इंजिनात पाणी खेळविण्यास पंपदेखील नव्हता. तापलेले पाणी आपोआप वर चढते, या साध्या नियमावर तिचे काम भागे.

या घराण्याचा मुंबईशी संबंध जुळला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या उद्योगामुळे. आगबोटी, विमाने व मोटारी या तिन्ही गोष्टी देशातच व्हाव्यात, हा त्यांचा ध्यास होता. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी अमेरिकन मोटारी जुळविल्या गेल्या. १९५१ पासून फियाटच्या मोटारी तेथे होऊ लागल्या. १९६४ साली आलेली १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची ‘फियाट ११०० डिलाइट’ हीच पुढे १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. तुरीनच्या लेकीने चितोडच्या राणीचे नाव घेतले!

इटलीत ११०० या मालिकेचे उत्पादन १९६९ साली आटोपले. कुर्ल्यात तिचे वंशज २००० च्या सुमारापर्यंत निघत होते. याचे सारे श्रेय तिच्या गुणांस देणे मात्र भाबडेपणाचे होईल. परकीय मोटारींस दार बंद, देशी कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि उत्पादनावर परवान्याचे बंधन. गिऱ्हाइकाने नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी, अशी ती स्थिती होती. स्पर्धाच नसेल तर सुधारणेची निकड कारखान्यास कशी वाटावी? १९८३ साली मारुती आली, तेव्हा या दीर्घायुष्याचे खरे कारण उघड झाले. तथापि टॅक्सीवाल्याने तिला सोडले नाही, यातही काही अर्थ होता. तिचे इंजिन रस्त्याच्या कडेचा मिस्त्री खोलू शके, सुटे भाग सर्वत्र मिळत. बिघाड झाला तरी दिवसाची कमाई बुडण्याचे भय कमी असे.

मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदविली गेली. टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिची फेरी थांबली.